श्लीपद, सात्म्य आणि प्रतिकार : कुंभकोणमच्या एका जुन्या व्याधीच्या निमित्ताने

इंग्रजीतील ‘इम्युनिटी’ हा शब्द मुळात वैद्यकाचा नव्हे. लॅटिन ‘इम्युनितास’ याचा अर्थ सार्वजनिक कर्तव्यातून आणि करभारातून मिळालेली सूट असा होता. तंजावरच्या मराठी राजांच्या दानपत्रांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना याच्याशी समांतर असा शब्द सहज आठवेल. तो म्हणजे ‘सर्वमान्य’, अर्थात ज्या जमिनीवर सरकारचा कोणताही कर लागू नाही असे इनाम. रोगाच्या कराची ज्याला माफी मिळाली आहे तो ‘इम्यून’, अशी ही मूळ कल्पना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंतुशास्त्राचा उदय झाला, तेव्हा वैद्यांनी हा कायद्याचा शब्द आपल्या कामासाठी उसना घेतला. मराठीने मात्र त्याचे भाषांतर करताना माफीची कल्पना सोडून दिली आणि ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द घडविला. त्यात मूळ शब्दात नसलेल्या दोन गोष्टी शिरल्या : एक प्रतिकार आणि दुसरी शक्ती. शरीर हा गड, जंतू हा शत्रू, पांढऱ्या पेशी हे सैन्य, ही शालेय पुस्तकांतील परिचित रूपकमाला या शब्दाच्या पोटातूनच निघालेली आहे. २०२० साली करोनाच्या साथीत प्रतिकारशक्ती ‘वाढविण्याचे’ काढे घरोघरी उकळू लागले, त्यामागेही हीच समजूत होती. शक्ती जितकी अधिक तितके बरे, असे गृहीत धरूनच तो सारा व्यवहार चालला होता.

हे गृहीत किती अपुरे आहे, ते गेल्या तीस वर्षांतील संशोधनाने दाखविले आहे. २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या शोधास मिळाले तो प्रतिकाराच्या नव्हे, संयमनाच्या यंत्रणेचा शोध होय. प्रस्तुत लेखात या शोधाचा परिचय करून द्यावयाचा आहे. पण प्रयोगशाळेतील उंदरांपासून आरंभ न करता कावेरीच्या काठच्या एका गावापासून तो करणे मला अधिक सोयीचे वाटते.

कुंभकोणम हे उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस अरसलार या दोन प्रवाहांमध्ये वसलेले गाव. महामहम् तीर्थ, मंदिरे आणि १८५४ पासूनचे महाविद्यालय यांमुळे त्याची कीर्ती. मराठी वाचकाला ते आणखी एका कारणाने जवळचे आहे. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये येथेच, तंजावरी मराठी बोलणाऱ्या कुटुंबात जन्मले. परंतु याच गावाला आणखी एक, नकोशी ओळखही दीर्घकाळ होती. पायाला हत्तीच्या पायासारखी सूज आणणारा रोग येथे घरोघरी परिचित होता. भातशेतीच्या पाटांचे पाणी, तळी, उघडी गटारे आणि दाट वस्ती यांमुळे कावेरीचा हा सारा त्रिभुज प्रदेशच त्या रोगाला अनुकूल ठरला.

त्याची नावे पाहण्यासारखी आहेत. तामिळमध्ये ‘यानैक्काल’, मराठीत ‘हत्तीपाय’ किंवा ‘हत्तीरोग’, अरबीत ‘दा-अल-फील’. तिन्ही भाषांना हत्तीच आठवला. युरोपात मात्र मोठा घोटाळा झाला. ग्रीक वैद्य ‘एलिफंटियासिस’ हे नाव महारोगाला देत असत; पुढे मध्ययुगात अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरे झाली तेव्हा हत्तीच्या पायाच्या रोगालाही तेच नाव चिकटले, आणि ‘ग्रीकांचा’ व ‘अरबांचा’ असे दोन एलिफंटियासिस कित्येक शतके वैद्यकग्रंथांत नांदले. भाषांतरातील एका चुकीमुळे दोन रोग एक व्हावेत, याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. संस्कृत वैद्यकाने हत्तीकडे पाहिले नाही. त्याने ‘श्लीपद’ म्हटले, आणि टीकाकारांनी त्याची फोड शिळेसारखा झालेला पाय अशी केली. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात या व्याधीच्या प्रदेशाचेही वर्णन आहे : जेथे जुने, साचलेले पाणी विपुल असते आणि सर्व ऋतूंत हवा शीतल असते, तेथे श्लीपद विशेषेकरून आढळते. डासाचे नाव तेथे नाही. पण निरीक्षण अचूक आहे. एखाद्या प्राचीन ग्रंथात आधुनिक शोध ‘आधीच होता’ असे म्हणण्याचा मोह अशा ठिकाणी आवरला पाहिजे. कारण न कळताही परिस्थिती नेमकी टिपता येते, एवढेच यावरून सिद्ध होते आणि तेवढे पुरेसे आहे.

कारण कळावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुइस यांना माणसाच्या रक्तात सूक्ष्म कृमी वळवळताना दिसले. १८७७ मध्ये चीनमधील अमॉय येथे पॅट्रिक मॅन्सन यांनी या कृमींची वाढ डासाच्या शरीरात होते हे दाखविले. डास आणि मानवी रोग यांचा संबंध येथे प्रथम प्रस्थापित झाला. हिवतापासंबंधी रॉस यांचा शोध त्यानंतर वीस वर्षांनी लागला. आपल्याकडे हा रोग मुख्यतः वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या कृमीमुळे होतो आणि घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास त्याचा प्रसार करतो. पूर्ण वाढलेली मादी आठदहा सेंटिमीटर लांब, दोऱ्यासारखी बारीक असते. नर व मादी माणसाच्या लसीकावाहिन्यांत घर करून राहतात, आणि तेथे त्यांचे वास्तव्य पाचसात वर्षे किंवा त्याहूनही अधिक असते. मादी लक्षावधी सूक्ष्म पिले रक्तात सोडते. ही पिले दिवसा फुप्फुसांच्या खोल रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री, डास चावण्याच्या वेळी, त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणून या रोगाची रक्ततपासणी रात्री करण्याची पद्धत पडली. आरोग्य खात्याची माणसे रात्री दहानंतर दारोदार का हिंडतात याचे कोडे ज्यांना पडले असेल त्यांना त्याचे उत्तर येथे मिळेल.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. इतका मोठा परका प्राणी माणसाच्या शरीरात, तेही लसीकावाहिन्यांत, म्हणजे प्रतिकाराच्या पेशींच्या हमरस्त्यावरच, वर्षानुवर्षे सुखाने राहतो कसा?

याच गावातील दुसरे एक उदाहरण घेतले म्हणजे या प्रश्नाची तीव्रता ध्यानात येईल. १८८९ च्या डिसेंबरात तंजावर जिल्ह्यात देवीची साथ होती. त्या सुमारास जिल्ह्यात सुमारे चार हजार माणसे दगावली. कुंभकोणमच्या एका घरातील दोन वर्षांच्या मुलाला देवी आल्या; तो मात्र वाचला. हा मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले गणिती श्रीनिवास रामानुजन. (देवीला मराठीने ‘देवी’ म्हटले, तामिळने ‘अम्मै’. हत्तीरोगाला मात्र कोणी देवतेचे नाव दिले नाही.) देवीच्या बाबतीत गड आणि शत्रू यांचे रूपक चपखल बसते. विषाणू येतो, लढाई होते, माणूस मरतो किंवा वाचतो, आणि वाचला तर शरीराला शत्रूची ओळख बहुधा जन्मभर राहते. लस टोचणे म्हणजे ही ओळख लढाईविना करून देणे. या ओळखीच्या बळावरच देवीचे उच्चाटन झाले आणि १९८० मध्ये तसे जाहीर करता आले.

हत्तीरोगाचे तसे नाही. एकाच आळीत, त्याच डासांच्या दंशात वाढलेली तीन माणसे घ्या. पहिल्याच्या रक्तात रात्री हजारो कृमिपिले फिरत असतात. पण त्याला ना ताप ना सूज, तो धडधाकट दिसतो. दुसऱ्याचा पाय गुडघ्यापर्यंत सुजून शिळेसारखा झालेला असतो. त्याच्या रक्तात मात्र बहुधा एकही पिलू सापडत नाही. तिसऱ्याला काहीच झालेले नसते. प्रतिकारशक्ती वाढली की रोग हटतो, या समजुतीने यांपैकी पहिले दोन उलगडत नाहीत. किंबहुना ते उलटेच दिसतात. ज्याचे शरीर कृमीशी झुंजते तो पंगू होतो, आणि ज्याचे झुंजत नाही तो हिंडता-फिरता राहतो.

हे उलटे चित्र समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विसाव्या शतकाच्या मध्यास फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी ‘स्व’ आणि ‘पर’ ही परिभाषा रूढ केली. शरीर स्वतःच्या घटकांना ओळखून त्यांस सोडते आणि परक्यावर हल्ला करते. पीटर मेदावर यांनी उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले की अत्यंत कोवळ्या वयात परक्या पेशींशी परिचय झाला तर त्या पुढेही आपल्याच मानल्या जातात. या दोघांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. नंतर जॅक मिलर यांनी छातीतील थायमस ग्रंथीचे कार्य उलगडले, आणि टी-पेशींना ‘स्व’ ओळखण्याचे शिक्षण तेथे मिळते हे हळूहळू स्पष्ट झाले. ज्या टी-पेशी स्वतःच्याच शरीरावर तुटून पडण्याजोग्या असतात त्या थायमसमध्येच मारल्या जातात. प्रश्न सुटला असे वाटले.

पण तो सुटला नव्हता. १९६९ मध्ये निशिझुका आणि साकाकुरा या जपानी संशोधकांनी उंदराच्या पिलांची थायमस ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढली. सैन्याची शाळाच बंद केल्यावर प्रतिकार दुबळा व्हावा, ही अपेक्षा स्वाभाविक होती. झाले ते भलतेच : माद्यांची अंडाशये त्यांच्याच शरीराने नष्ट केली. याचा एकच अर्थ संभवत होता. थायमसमधून हल्लेखोर पेशींच्या जोडीला त्यांना आवरणाऱ्या पेशीही बाहेर पडत असल्या पाहिजेत, आणि त्या थोड्या उशिरा पडत असल्या पाहिजेत. याच काळात अमेरिकेत ‘दमनकारी’ टी-पेशींची कल्पना मांडली गेली. दहा वर्षे तिचा मोठा गाजावाजा झाला. पुढे तिच्या आधारांपैकी काही डळमळीत निघाले, ज्या जनुकावर तिची इमारत उभी होती ते अपेक्षित जागी सापडेना, आणि ऐंशीच्या दशकात ही सारी कल्पनाच बदनाम झाली. शास्त्रातही फॅशन असते, आणि फॅशन गेली की तिच्याबरोबर खरे तथ्यही कपाटात जाते. साहित्यसमीक्षेच्या इतिहासाशी परिचित असणाऱ्यांना हे निराळे सांगावयास नको.

शिमोन साकागुची यांनी मात्र हा विषय सोडला नाही. थायमस काढलेल्या उंदरांना निरोगी उंदरांच्या टी-पेशी दिल्या तर रोग टळतो, हे त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या आरंभीच पाहिले होते. प्रश्न होता तो या पेशींना बाकीच्यांपासून निराळे ओळखण्याचा. १९९५ मध्ये त्यांनी ते चिन्ह दाखविले. सीडी४ हा रेणू बाळगणाऱ्या टी-पेशींपैकी ज्या थोड्या पेशींच्या अंगावर सीडी२५ हाही रेणू असतो, त्या शरीराला आवर घालतात. यांचे प्रमाण अशा टी-पेशींत शेकडा पाच ते दहा एवढेच. त्या काढून टाकल्या की उंदराचे शरीर स्वतःवरच उलटते.

दुसरा धागा निराळ्याच ठिकाणचा. अमेरिकेत ओक रिज येथे १९४९ मध्ये उंदरांच्या एका वंशात काही नर खवल्याच्या कातडीचे, फुगलेल्या प्लीहेचे निपजले व काही आठवड्यांतच मेले. या वंशाला ‘स्कर्फी’ म्हणत. कित्येक दशकांनंतर मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी एका लहानशा औषध-कंपनीत या व्याधीचे जनुक शोधण्याचे काम हाती घेतले. एक्स गुणसूत्राच्या एका तुकड्यापर्यंत ते पोहोचले. त्या तुकड्यात वीस जनुके होती. एकेक तपासत गेल्यावर दोष सापडला तो विसाव्या, म्हणजे शेवटच्या जनुकात. २००१ मध्ये त्यांनी त्याला फॉक्सपी३ असे नाव देऊन ते जाहीर केले. माणसाच्या बालकांत याच जनुकाच्या दोषाने आतडी, स्वादुपिंड आणि त्वचा यांवर शरीर स्वतःच हल्ला करते, हेही त्याच वर्षी दिसून आले. २००३ मध्ये दोन्ही धागे जुळले. साकागुचींच्या पेशींना ‘आवर घालणारी पेशी’ बनविणारे जनुक हेच. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी या तिघांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

तामिळनाडूतील हत्तीरोगाचा उलगडा या शोधाच्या प्रकाशात झाला. चेन्नई येथील क्षयरोग संशोधन केंद्रात (त्याचेच नाव पुढे राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था झाले) अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सहकार्याने हत्तीरोगाच्या प्रतिकारशास्त्राचा अभ्यास बरीच वर्षे चालू होता. सुभाष बाबू, टॉमस नटमन आणि त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये दोन प्रकारच्या माणसांच्या रक्तपेशींची तुलना प्रसिद्ध केली. एका गटाला संसर्ग होता पण लक्षणे नव्हती. दुसऱ्या गटाच्या पायांना सूज होती. कृमीच्या घटकांशी संबंध येताच सुजलेल्या पायांच्या रुग्णांच्या पेशी दाह पेटविणारी द्रव्ये जोराने स्रवू लागल्या, आणि फॉक्सपी३ सारख्या संयमनाच्या खुणा त्यांच्यात उण्या पडल्या. लक्षणे नसलेल्यांत याच्या उलट घडले. तेथे आवर घालणारी बाजू प्रबळ होती. म्हणजे पहिल्या माणसाचे शरीर दुबळे नव्हते. त्याने कृमीला सोसावयाचे ठरविले होते, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर कृमीने त्याला सोसावयास लावले होते. कारण कृमीही स्वस्थ बसत नाही. उंदरांच्या आतड्यातील एका कृमीच्या स्रावांतून टी-पेशींना फॉक्सपी३ चालू करावयास लावणारे द्रव्य सापडले आहे. ते शरीराच्याच एका संदेशवाहक द्रव्याची नक्कल करते. परजीवीने यजमानाची भाषा शिकून घ्यावी, अशातला हा प्रकार.

येथे चित्र फार सोपे करून चालणार नाही. लक्षणे नसलेल्यांच्याही लसीकावाहिन्या सैलावून फुगलेल्या असतात. ध्वनितरंगांच्या तपासणीत त्यांत नाचणारे कृमी प्रत्यक्ष दिसतात. सोसण्याची किंमत तेथेही पडतेच, फक्त ती उशिरा दिसते. शिवाय कृमीच्या पोटात वोल्बाकिया नावाचे जंतू राहतात. कृमी मेला की ते बाहेर पडतात आणि दाहाला खतपाणी मिळते. आणि एकदा वाहिन्या निकामी झाल्या म्हणजे बोटांच्या बेचक्यांतील साध्या भेगांतून शिरणारे नेहमीचे जंतूही तापाचे आणि सुजेचे झटके आणतात. प्रत्येक झटक्यागणिक पाय अधिक शिळेसारखा होत जातो. म्हणून आज सुजलेल्या पायावरील उपचारात पाय रोज साबण-पाण्याने धुणे, कोरडा करणे, उंच ठेवणे यांना सर्वांत मोठे स्थान आहे. हा उपचार क्षुल्लक वाटतो, आणि वैद्यांकडून निराश होऊन परतलेल्या रुग्णाला तो सांगणे तर थट्टा केल्यासारखे वाटते. परंतु शरीराच्या अतिरेकी झुंजीला निमित्त मिळू न देणे हेच त्याचे तत्त्व आहे.

एक विषयांतर. चेन्नईतच २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत मधुमेह्यांमध्ये हत्तीरोगाचा संसर्ग इतरांपेक्षा कमी आढळला. कृमीमुळे दाह आवरला जातो आणि त्यामुळे मधुमेहासही आळा बसत असावा, असा तर्क त्यावरून निघाला. तर्क आकर्षक आहे. पण दोन गोष्टी एकत्र आढळल्याने एक दुसरीचे कारण ठरत नाही, आणि कृमी पोसून मधुमेह टाळण्याचा सल्ला कोणी देऊ नये.

परिभाषेचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो, आणि या नियतकालिकाच्या वाचकांना तो अधिक जवळचा आहे. ‘इम्यून टॉलरन्स’ याला मराठीत ‘प्रतिकारक्षम सहिष्णुता’ असा शब्द वापरतात. तो निर्दोष आहे आणि निर्जीवही. सहिष्णुता हा सभेतील शब्द. शरीराविषयी बोलताना मराठी माणूस तो कधी वापरीत नाही. तो म्हणतो, येथले पाणी मला मानवले नाही; वांगे बाधते; कोकणची हवा आता अंगवळणी पडली. ‘मानवणे’ आणि ‘बाधणे’ या जोडीत प्रतिकारशास्त्राचा हा सारा नवा अध्याय सामावण्याची क्षमता आहे. तीत शत्रू नाही आणि सैन्यही नाही. एका शरीराचा एका परक्या वस्तूशी जुळलेला किंवा न जुळलेला संबंध तेवढा आहे. आयुर्वेदात याच अर्थाजवळचा ‘सात्म्य’ हा शब्द आहे. जे आत्म्याशी, म्हणजे स्वतःशी, एकरूप झाले ते सात्म्य. आणि सवयीने जे मानवू लागले ते ‘ओकसात्म्य’. बर्नेट यांच्या ‘स्व’ची चर्चा करताना ज्या भाषेजवळ हा शब्द तयार होता, तिने तो बाजूस सारून प्रतिकाराचा शब्द पत्करला, याचे मला आश्चर्य वाटते. परिभाषा घडविणाऱ्यांचा काळ जंतुशास्त्राच्या विजयांचा होता, हे त्याचे एक कारण असावे. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द आता काढून टाकावा असे मी म्हणत नाही. रूढ शब्द हुकमाने जात नसतात. पण पाठ्यपुस्तकांत त्याच्या शेजारी ‘मानवणे’ यावयास हरकत नाही.

ही चर्चा कोशकारांपुरती नाही. तामिळनाडूच्या बहुतेक भागांत हत्तीरोगाचा प्रसार आता आटोक्यात आला असला, तरी विदर्भाच्या पूर्वभागात, गडचिरोली-चंद्रपूरकडे, तो अद्याप आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या रक्तनिदानावर दीर्घकाळ काम केले ते याच कारणाने. १९५५ पासून या रोगाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. २००४ पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत वर्षातून एकदा सर्वांना गोळ्या देण्याची मोहीम आहे. पुढे तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत नागपूर होता. रोगाच्या उच्चाटनासाठी देशाने २०२७ ही मुदत ठरविली आहे. गोळी सुजलेल्या पायाच्या माणसापेक्षा धडधाकट दिसणाऱ्या पहिल्या माणसाने घेणे अधिक महत्त्वाचे असते, कारण डासाला पिले मिळतात ती त्याच्या रक्तातून. आणि नेमका तोच गोळी नाकारतो. ‘मला काही झालेले नाही, माझी प्रतिकारशक्ती चांगली आहे’ हे त्याचे उत्तर असते, आणि रूढ शब्दाच्या चौकटीत ते बिनतोड आहे. कृमी तुमच्या शरीराला मानवला आहे, म्हणून तुम्हाला काही होत नाही, असे त्याला सांगता आले तर निदान संभाषण पुढे सरकते. दुसरी अडचण गोळी घेतल्यानंतरची. ज्यांच्या रक्तात पिले अधिक, त्यांना गोळीनंतर एकदोन दिवस ताप, अंगदुखी, क्वचित चक्कर येते, आणि औषधच बाधले अशी बातमी तासाभरात गावभर पसरते. वास्तविक हा ताप औषधाचा नसतो. पिले मरू लागलेली असतात, त्यांच्यातील द्रव्ये एकदम रक्तात येतात, आणि इतकी वर्षे सोसत राहिलेले शरीर त्या एकदोन दिवसांपुरते सोसणे थांबविते. ज्याच्या रक्तात पिले नाहीत त्याला तीच गोळी बहुधा काहीच करीत नाही.